कार्बनशिवायचा पीळ: असेंद्रिय मळसूत्रांचं भाकीत कसं होतं

मळसूत्राकार रेणू म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर डीएनए येतो. १९५३ पासून ती आकृती इतक्या पुस्तकांत आणि भित्तिपत्रकांवर छापली गेली आहे की पीळ म्हणजे सजीवांची खूण, असं मनात पक्कं बसलं आहे. त्यामुळे नुसत्या लिथियम आणि फॉस्फरसच्या अणूंपासून, किंवा कथील, आयोडीन आणि फॉस्फरस यांपासून, कार्बनचा एकही अणू नसताना दुपेडी मळसूत्र तयार होऊ शकतं हे ऐकलं की आधी विश्वासच बसत नाही. पाठोपाठ दुसरी शंका येते: जो पदार्थ कुणी पाहिलेला नाही, त्याची रचना नुसत्या गणितावरून सांगणार तरी कशी?

मला या विषयात सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट अशी की मळसूत्र हा मुळात दुर्मीळ आकारच नव्हे. एकसारखे तुकडे एकापुढे एक जोडत गेलं की आपोआप जे तयार होतं ते मळसूत्रच. खरं स्पष्टीकरण हवं असतं ते सरळ रेषेला आणि वर्तुळाला.

हे भूमितीतून सिद्ध होतं. समजा एक तुकडा आहे आणि त्याला अगदी तसाच दुसरा जोडला. दुसरा तुकडा पहिल्यापासून थोडा सरकलेला आणि थोडा वळलेला असणार. आता तिसरा दुसऱ्याला अगदी त्याच पद्धतीने जोडा, चौथा तिसऱ्याला, आणि असंच पुढे. फ्रेंच गणितज्ञ मिशेल शाल याने १८३० मध्ये मांडलेल्या प्रमेयानुसार अवकाशातलं असं कोणतंही सरकणं-वळणं म्हणजे एका अक्षाभोवती फिरणं आणि त्याच अक्षाच्या दिशेने पुढे जाणं, एवढंच असतं. तेच पुन्हा पुन्हा केलं की मळसूत्र. गोल जिना असाच उभा राहतो: प्रत्येक पायरी मागच्या पायरीशी तेच नातं राखते, आणि वर चढत जाणारा पीळ त्या एका नात्यातून येतो. फिरणं नेमकं शून्य असेल तर सरळ रेषा मिळते, नेमकं १८० अंश असेल तर नागमोडी पट्टी, आणि पुढे जाणं शून्य झालं तर वर्तुळ. ही सगळी खास उदाहरणं. बाकी कोणताही कोन घ्या, पीळ पडणारच.

एका फेऱ्यात तुकडे पूर्णांकातच बसले पाहिजेत असंही काही नाही. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये प्रथिनांतल्या अल्फा मळसूत्राची रचना मांडली तेव्हा एका फेऱ्यात सुमारे ३.७ अमिनो आम्लं येत होती (आजचा आकडा ३.६). त्या काळी स्फटिकशास्त्राची सवय पूर्णांकांची होती, आणि इतर नामवंत गट त्याच सवयीमुळे अडकून पडले होते. पॉलिंगनी मात्र बंधांची लांबी आणि कोन यांना प्रमाण मानलं, आणि फेऱ्याला जो आकडा येईल तो येऊ दिला. रचनेच्या भाकिताचा हा नमुना आजही तितकाच उपयोगी आहे. स्थानिक नियम अचूक पकडायचे, बाकीचं त्यांतून उलगडू द्यायचं.

मग असेंद्रिय पदार्थांत मळसूत्रं जागोजागी का दिसत नाहीत? कारण त्यासाठी आधी साखळी लागते. साध्या मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. विद्युतभारांची ओढ सगळ्या दिशांना सारखीच असते, त्यामुळे सगळे आयन दाटीवाटीने त्रिमितीत रचले जातात. साखळी हवी तर प्रत्येक अणूने मोजून दोनच शेजारी धरले पाहिजेत, आणि तेही ठरावीक कोनात.

असं करणारं सर्वांत परिचित मूलद्रव्य म्हणजे गंधक. त्याच्या बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन असतात. दोन इलेक्ट्रॉन खर्च करून तो दोन शेजाऱ्यांशी बंध करतो, आणि उरलेल्या चारांच्या दोन जोड्या कुठल्याही बंधात न गुंतता मोकळ्या राहतात. या मोकळ्या जोड्याच पुढची सगळी कथा ठरवतात.

गंधकाचे ओळीने चार अणू घ्या आणि मधल्या दोघांना जोडणाऱ्या बंधाच्या रेषेत डोळा लावून पाहा. मधले दोघे एकामागे एक लपतील. पहिला आणि चौथा अणू घड्याळाच्या दोन काट्यांसारखे बाहेर आलेले दिसतील. या काट्यांमधला कोन किती असावा? शून्य किंवा १८० अंश असेल तर चारही अणू एका सपाटीत येतात, पण मग मधल्या दोन अणूंवरच्या मोकळ्या जोड्या समोरासमोर येऊन एकमेकींना ढकलतात. कोन ९० अंशांच्या आसपास असला की त्यांना सर्वांत कमी त्रास होतो. गंधकाचे दोन आणि हायड्रोजनचे दोन अणू असलेल्या छोट्या रेणूत हा कोन जवळजवळ ९० अंशच असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्येही हेच बळ काम करतं, तिथे वायुरूपात तो ११२ अंशांच्या जवळ जातो.

आता पाचवा अणू जोडायचा आहे. तोही सुमारे ९० अंशांनी वळणार, पण डावीकडे की उजवीकडे? मोकळ्या जोड्यांना दोन्ही दिशा सारख्याच. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं आलटून पालटून वळत गेलं तर साखळी स्वतःकडे परत येते आणि आठ अणूंचं मुकुटासारखं कडं बंद होतं. आपल्या ओळखीचं पिवळं गंधक अशाच कड्यांचं असतं, आणि त्यात तो कोन सुमारे ९८ अंश आहे. पण दर वेळी एकाच दिशेला वळलं तर? मळसूत्र. कड्यात आणि मळसूत्रात अणू तेच, बंध तेच, कोनही जवळपास तेवढाच. फरक पडतो तो फक्त वळणाच्या दिशेचा. ही गोष्ट पहिल्यांदा समजते तेव्हा खरोखर थक्क व्हायला होतं.

वितळलेलं गंधक १५९ अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की कडी तुटून लांब साखळ्या जुळू लागतात आणि पातळ द्रव एकदम घट्ट होतो. तो झटकन थंड करून ताणला की तंतुमय गंधक मिळतं. त्यातल्या साखळ्या मळसूत्राकार असतात आणि तीन फेऱ्यांत दहा अणू बसतात. आवर्त सारणीत गंधकाच्या खाली असलेल्या सेलेनियम आणि टेल्युरियम यांच्या नेहमीच्या स्फटिकांत तर मळसूत्रांच्या जुड्याच उभ्या असतात, दर फेऱ्याला तीन अणू. म्हणजे असेंद्रिय मळसूत्र प्रयोगशाळेत फार पूर्वीपासून होतंच. नवी गोष्ट आहे ती अपेक्षा नसलेल्या ठिकाणी ते आधीच ओळखण्याची.

इथे एडुआर्ट झिंटल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा विचार कामी येतो. १९३०च्या दशकात त्यांनी डार्मस्टाट इथे अशा संयुगांचा अभ्यास केला ज्यांत एक धातू आपला इलेक्ट्रॉन जवळजवळ पूर्णपणे देऊन टाकतो. सोडियम आणि थॅलियमचं संयुग हे त्याचं गाजलेलं उदाहरण. थॅलियमकडे बाहेरचे तीन इलेक्ट्रॉन असतात. सोडियमने दिलेला एक मिळून चार झाले, म्हणजे कार्बनएवढे. आणि त्या संयुगात थॅलियमचे अणू खरोखरच हिऱ्यातल्या कार्बनसारखे रचलेले सापडतात. झिंटल १९४१ मध्ये वारले, पुढे विल्हेल्म क्लेम यांनी हा विचार वाढवला. त्याचं सार एका ओळीत सांगता येतं: उधारीचे इलेक्ट्रॉन धरून अणू मोजा, आणि तेवढे इलेक्ट्रॉन असलेलं मूलद्रव्य जसं वागतं तसंच तो अणू वागेल असं समजा.

हाच हिशेब फॉस्फरसला लावा. त्याच्याकडे पाच इलेक्ट्रॉन. लिथियमने एक दिला की सहा, म्हणजे गंधकाएवढे. तेव्हा लिथियम आणि फॉस्फरस समान संख्येने असलेल्या संयुगात फॉस्फरसने गंधकासारखी साखळी करावी, आणि साखळी झाली की पीळही पडावा. कागद-पेन्सिलीवर इथपर्यंत पोचता येतं. लिथियम फॉस्फाइडच्या स्फटिकात फॉस्फरसच्या पिळलेल्या साखळ्या असतात हे घन पदार्थांवर काम करणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं. अनुत्तरित प्रश्न वेगळा होता: हा पीळ शेजारच्या साखळ्यांच्या दाटीमुळे पडतो, की एकटी साखळीही तशीच पिळली जाईल?

युटा स्टेट युनिव्हर्सिटीतले अलेक्झांडर बोल्डिरेव्ह, स्फटिकरचनांचं भाकीत करणारे ख्रिस पिकार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये याचं उत्तर गणनेतून दिलं. लिथियम आणि फॉस्फरसच्या दहापेक्षाही कमी जोड्या असलेल्या, आजूबाजूला काहीही नसलेल्या तुकड्यांतसुद्धा दुपेडी मळसूत्र स्थिर निघालं. आत फॉस्फरसची पिळलेली साखळी आणि तिच्या खोबणीतून फिरत जाणारी लिथियमची रांग. लिथियम तिथेच का? कारण त्या धन आयनांना फॉस्फरसच्या मोकळ्या जोड्यांजवळ बसायचं असतं, आणि त्या जोड्या साखळीबरोबर गोल फिरत वर जातात.

इथे एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. डीएनएचे दोन्ही पेड एकाच जातीचे असतात, प्रत्येकात अणू एकमेकांना बंधांनी बांधलेले असतात आणि दोन पेडांना हायड्रोजन बंध जोडतात. लिथियम-फॉस्फरसमध्ये खरा बांधलेला पेड एकच, फॉस्फरसचा. लिथियमचे आयन आपापसांत बांधलेले नसतात, ते एका रांगेत बसलेले असतात इतकंच. त्यामुळे ‘दुहेरी मळसूत्र’ हे या पदार्थाच्या आकाराचं वर्णन म्हणून बरोबर आहे, पण त्यावरून डीएनएशी नातं जोडणं चूक.

दोन्ही पेड खऱ्या अर्थाने बांधलेले असलेला पदार्थ २०१६ मध्ये समोर आला. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या टॉम निल्गेस यांच्या गटाने कथील, आयोडीन आणि फॉस्फरस समप्रमाणात असलेलं संयुग तयार केलं. हिशेब पुन्हा तोच आहे. कथील दोन इलेक्ट्रॉन सोडतं, एक आयोडीनला जातो आणि एक फॉस्फरसला. फॉस्फरसकडे सहा झाले, म्हणून आत त्याची पिळलेली साखळी. बाहेरून कथील-आयोडीनची दुसरी साखळी तिला वेढत जाते. हा पदार्थ अर्धवाहक आहे. त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला १.८६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे लाल प्रकाशाच्या कणाइतकी ऊर्जा. त्याचे लांब, सुईसारखे स्फटिक न तुटता वाकवता येतात, कारण शेजारशेजारची मळसूत्रं एकमेकांना घट्ट बांधलेली नसून नुसती टेकलेली असतात.

इलेक्ट्रॉन मोजून दिशा कळते, पण खात्री होत नाही. फॉस्फरसची साखळी गंधकासारखी कड्यातही बंद होऊ शकते, पिंजराही करू शकते. त्यांतलं नक्की काय जिंकेल हे ठरवायला ऊर्जा मोजावी लागते. १९८८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाचे संपादक जॉन मॅडॉक्स यांनी खेदाने लिहिलं होतं की नुसत्या रासायनिक सूत्रावरून अगदी साध्या स्फटिकाचीही रचना सांगता येत नाही, ही भौतिक विज्ञानांना लाज आणणारी गोष्ट आहे. तेव्हापासून चित्र पार पालटलं, आणि त्यामागे दोन कारणं आहेत. एक म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढण्याची पद्धत, जिच्या पायाभूत कामासाठी वॉल्टर कोन यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसरं कारण म्हणजे शोधाच्या युक्त्या.

पिकार्ड आणि रिचर्ड नीड्स यांची युक्ती ऐकायला फारच सोपी वाटते. अणू अवकाशात यादृच्छिक जागी टाकायचे, प्रत्येक अणूवरचं बल काढायचं, बल ज्या दिशेने ढकलेल तिकडे तो सरकवायचा, आणि सगळी बलं शून्य झाली की ऊर्जा टिपून ठेवायची. मग पुन्हा नव्याने अणू टाकायचे. हे हजारो वेळा. ज्या रचनेची ऊर्जा सर्वांत कमी भरेल ती विजेती. हा मार्ग मला मोलाचा वाटतो, कारण त्यात माणसाच्या आवडीला जागा नसते. कुणी मुद्दाम मळसूत्र काढून संगणकाला ‘हे टिकेल का?’ असं विचारलं, तर ‘टिकेल’ हे उत्तर फार काही सांगत नाही. अनेक रचना जागच्या जागी टिकतात. पण विस्कटलेल्या अणूंपासून सुरुवात करून शोध स्वतःहून मळसूत्रापाशी येऊन थांबला, तर त्या निकालाला वजन येतं.

विजेत्या रचनेच्या पुढे दोन परीक्षा असतात. पहिली कंपनांची. प्रत्येक अणू जरासा हलवला तर तो परत जागेवर येतो का? गणितात एखादी कंपनवारंवारता काल्पनिक संख्या निघाली, तर ती रचना दरीत बसलेली नसून खिंडीत अडकलेली आहे, ती घसरणार. दुसरी परीक्षा फुटून जाण्याची. एकास एक प्रमाणातल्या सगळ्या रचनांत मळसूत्र सर्वांत चांगलं असेलही, पण तोच माल फॉस्फरस जास्त असलेल्या आणि लिथियम जास्त असलेल्या दोन वेगळ्या संयुगांत विभागला गेला तर एकूण ऊर्जा आणखी उतरते का? कितीतरी देखणी भाकितं याच परीक्षेत गळून पडतात.

मळसूत्रांच्या बाबतीत एक तिसरी अडचण आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. स्फटिकाची गणना करताना संगणक अणूंची एक पेटी घेतो आणि तीच पेटी सगळीकडे जशीच्या तशी मांडली आहे असं धरतो. पण स्फटिकाच्या जाळीच्या सममितीत दोन, तीन, चार किंवा सहा टप्प्यांत पूर्ण होणारे फेरेच बसतात. एकट्या साखळीला असं कोणतंच बंधन नसतं. चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी पृष्ठांचे ठोकळे, पृष्ठाला पृष्ठ लावून रचत गेलं की जे मळसूत्र होतं त्यात प्रत्येक टप्प्याला सुमारे १३१.८ अंशांचं वळण येतं, आणि तो कोन असा आहे की कितीही टप्पे घेतले तरी सुरुवातीची दिशा नेमकी परत येत नाही. अशी रचना कोणत्याच पेटीत मावत नाही, म्हणून नेहमीचा शोध तिला जबरदस्तीने पिळून जवळच्या आकड्यावर बसवतो किंवा मुकतोच. सोन्याच्या अतिसूक्ष्म तारांत नेमकं हेच मळसूत्र दिसलेलं आहे, त्यामुळे ही चिंता पोकळ नाही. यावरचा उपाय म्हणजे ‘नुसती सरकवलेली पेटी’ सोडून ‘सरकवून फिरवलेली पेटी’ घ्यायची. मग एका फेऱ्यात कितीही तुकडे येवोत, मोजणी थोड्याच अणूंवर भागते.

धातूंचा विषय निघाला आहे तर भाकिताच्या यशाचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण सांगायलाच हवं. धातूंत दोनच शेजारी धरणारे बंध नसतात, तेव्हा वरचा गंधकाचा तर्क तिथे लागू पडत नाही. तरीही गुल्सेरेन, एर्कोलेसी आणि तोसात्ती यांनी १९९८ मध्ये अ‍ॅल्युमिनियम आणि शिसं यांच्या काही अणूंएवढ्या जाडीच्या तारांची संगणकावर गणना करून सांगितलं की इतक्या बारीक तारा नेहमीची स्फटिकरचना सोडून देतील, आणि त्यांतल्या काही मळसूत्राकार होतील. पृष्ठभागावरचे अणू एकूण अणूंच्या मानाने फार जास्त झाले की आतल्या जाळीपेक्षा पृष्ठभागाची सोय वरचढ ठरते. दोनच वर्षांनी, २००० मध्ये, जपानमधल्या कोंडो आणि ताकायानागी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सोन्याच्या तारा पाहिल्या. त्या नळीत नळी घातल्यासारख्या होत्या आणि नळ्यांवरच्या अणूंच्या रांगा पिळलेल्या होत्या. एका तारेत बाहेर १४ रांगा, आत ७, आणि मधोमध १. बाहेरच्या आणि तिच्या लगतच्या आतल्या नळीतला फरक सातचा, आणि त्यांनी पाहिलेल्या इतर तारांतही तो सातचाच होता. धातू वेगळा, पण सांगितलेली वागणूक तीच.

एक गोष्ट मात्र गणना सांगू शकत नाही: पीळ डावा की उजवा. दोन्ही एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा, त्यांची ऊर्जा व्यवहारात सारखीच, म्हणून प्रत्येक शोधात दोन्ही सारख्याच हक्काने निघतात. म्युनिकच्या संयुगाच्या स्फटिकात डावी आणि उजवी मळसूत्रं समसमान असतात, म्हणून स्फटिक एकूण कुठल्याच हाताचा नसतो. टेल्युरियममध्ये मात्र अख्खा स्फटिक एकाच हाताचा होऊ शकतो. अशा टेल्युरियममधून वीजप्रवाह सोडला तर त्यात चुंबकत्व निर्माण होतं, आणि ते कोणत्या दिशेचं हे पिळाच्या हातावर ठरतं. प्रवाहामुळे येणारं हे चुंबकत्व २०१७ मध्ये प्रयोगात दिसलं. कार्बनशिवाय असा हात असू शकतो हे आल्फ्रेड वेर्नर यांनी १९१४ मध्येच सिद्ध केलं होतं. कोबाल्ट, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्याच एका आयनाची डावी आणि उजवी रूपं त्यांनी वेगळी करून दाखवली होती.

एकट्या साखळीचं भाकीत तपासायचं तर ती शेजाऱ्यांपासून वेगळी ठेवायला जागा हवी. कार्बन नॅनोनळी, म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिसूक्ष्म नळी, ही अशी जागा आहे: भिंत पक्की, आतली पोकळी एका साखळीपुरती, आणि नळीचा साखळीशी फारसा रासायनिक संबंध नाही. लिथियम-फॉस्फरसचं मळसूत्र अशा नळीत बसवलं तर काय होईल याची गणना बोल्डिरेव्ह यांच्या गटाने केली आहे. टेल्युरियमच्या साखळ्या तर प्रत्यक्षात नॅनोनळ्यांत भरल्या गेल्या आहेत. तिथे लेझरचा प्रकाश टाकून साखळीची कंपनं मोजली जातात, आणि साखळी एकटी असेल तर ती जाड स्फटिकातल्या कंपनांपेक्षा वेगळ्या वारंवारतेवर येतात. म्हणून नव्या मळसूत्राचं भाकीत छापताना सुंदर चित्रासोबत कंपनांचे आकडे, क्ष-किरणांचा अपेक्षित नकाशा आणि फुटून जाण्याच्या परीक्षेचा निकाल देणं हे गणना करणाऱ्याचं काम आहे. प्रयोग करणाऱ्याला नळीत नेमकं काय शोधायचं हे त्यावरूनच कळतं.